दूरच्या सर्व्हरचं हार्डवेअर स्क्रिप्टने मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. आणि ज्या सर्व्हरसाठी आम्ही पगार घेतो ते महापे, ऐरोली, रबाळे असे विखुरलेले. काही डेटा सेंटरच्या थंडगार हॉलमध्ये, काही कारखान्याच्या जिन्याखालच्या खोलीत. थोडक्यात, आमचं काम अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकायचं. कोणत्या सर्व्हरमध्ये काय बसवलंय याची यादी आम्ही स्क्रिप्टने, म्हणजे ओळीने कमांड चालवणाऱ्या फाइलने, ठाण्यात बसूनच करतो. खालचे प्रश्न नव्याने लागलेल्या मुलांनी, लेखा विभागाने आणि टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या लहान कारखानदारांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

एक्सेलमध्ये यादी आहे की. मग स्क्रिप्टची भानगड कशाला?

ती यादी शेवटची कोणी आणि कधी मशीन बघून लिहिली, तेवढं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "आधीच्या सरांनी करून ठेवली होती."

एका पावसाळ्यात रबाळ्याच्या एका कारखान्यात रात्री सर्व्हर बसला. आमच्या मुलाने शेजारच्या, फारसं काम नसलेल्या मशीनमधली रॅमची पट्टी काढून त्यात घातली. मशीन उठलं, सकाळची पाळी वेळेवर सुरू झाली, सगळ्यांनी चहा घेतला. एक्सेलमध्ये मात्र ती पट्टी पुढची दोन वर्षं जुन्याच जागी होती.

हाताने उतरवलेल्या सिरियल नंबरची कथा वेगळीच. रॅकच्या मागे वाकून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून वाचलेला नंबर. ८ चा बी होतो, ५ चा एस, शून्याचा ओ. डेलचा सर्व्हिस टॅग जेमतेम सात अक्षरांचा असतो, पण एक अक्षर चुकलं की वॉरंटी तपासताना तिसऱ्याच कोणाचं मशीन समोर येतं. आणि पैशाचं सांगायचं तर भंगारात गेलेल्या एका सर्व्हरची एएमसी (वार्षिक देखभाल कराराचे पैसे) आम्ही वर्षभर इमानेइतबारे भरली आहे. यादीत नाव होतं ना.

यादीत नेमकं काय घ्यायचं?

सुरुवातीला कमी घ्या. मेक, मॉडेल, सिरियल, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. प्रोसेसर किती आणि कोणते. रॅमचा एकूण आकडा घेऊन थांबू नका. कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची, कोणत्या कंपनीची, कोणत्या पार्ट नंबरची पट्टी आहे ते घ्या, कारण खरेदीच्या वेळी हाच प्रश्न येतो. डिस्क सिरियलसकट. नेटवर्क कार्डाचा कायमचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळखक्रमांक. आणि ही माहिती कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली ते.

मॅकबद्दल एक सूचना. दोन पोर्ट जोडून बाँड केला असेल तर दोन्ही पोर्ट सहसा एकच मॅक दाखवतात. कार्डावर कोरलेला मूळ पत्ता हवा असेल तर ईथटूल ही कमांड मोठ्या पीच्या स्विचने (स्विच म्हणजे कमांडपुढे लिहायची खूण, इथे -P) चालवा.

तापमान, पंख्यांचा वेग, डिस्क किती भरली, हे सगळं मॉनिटरिंगचं काम. ते यादीत कोंबलंत तर रोज सगळंच बदललेलं दिसेल आणि खरा बदल त्यात हरवेल.

लिनक्सवर ही माहिती येते कुठून?

मशीन चालू होताना फर्मवेअर, म्हणजे तेच बायोस, मेमरीत एक तक्ता मांडून ठेवतं. त्याला एसएमबायोस म्हणतात आणि त्याचं मानक डीएमटीएफ ही संस्था ठरवते. डीएमआयडीकोड हे साधन तोच तक्ता वाचून दाखवतं. त्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे: ० म्हणजे बायोस, १ म्हणजे पूर्ण यंत्रणा, २ मदरबोर्ड, ४ प्रोसेसर, १७ म्हणजे रॅमची एकेक जागा. म्हणून सगळा तक्ता ओतून त्यात शोधाशोध करण्यापेक्षा टी स्विचला १७ देऊन फक्त रॅम मागा. रिकाम्या स्लॉटपुढे "मॉड्यूल बसवलेलं नाही" अशा अर्थाची ओळ येते. ती फेकू नका, पुढच्या वर्षी रॅम वाढवताना हीच ओळ कामाला येते.

प्रोसेसरसाठी एलएससीपीयू, डिस्कसाठी एलएसबीएलके, कार्डांसाठी एलएसपीसीआय. एलएसबीएलकेकडून शक्यतो जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचायला सोप्या मांडणीत) उत्तर मागा. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवरच्या एलएसबीएलकेला मात्र जेसन येत नाही. तिथे मोठ्या पीचा स्विच लावून नाव-किंमत अशा जोड्या घ्याव्या लागतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली हे खरं, पण कारखान्यांना ते कोण सांगणार.

दोन खाचखळगे. पहिला: डीएमआयडीकोडच्या जुन्या आवृत्त्या १६ जीबीची पट्टी १६३८४ एमबी अशी दाखवतात, नव्या सरळ १६ जीबी म्हणतात. नुसता आकडा उचललात तर बेरजेत एका सर्व्हरला हजारो जीबी रॅम निघेल. एकक सोबत घ्या. दुसरा: असेंबल केलेल्या मशीनमध्ये सिरियलच्या जागी बोर्ड बनवणाऱ्याने "हे उत्पादकाने भरायचं आहे" अशा अर्थाचं ठरीव इंग्रजी वाक्य तसंच सोडलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अशा पाच मशीनचा सिरियल अक्षरशः एकच आला आणि आमच्या पहिल्या स्क्रिप्टने पाचांचं एक मशीन करून टाकलं. अशी वाक्यं, सगळी शून्यं आणि "१२३४५६७८९" ओळखून तिथे "सिरियल नाही" लिहायला स्क्रिप्टला शिकवा.

आणखी एक. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी ऑल या भाषेच्या सेटिंगची किंमत सी करून टाका. भाषेची सेटिंग बदललेल्या मशीनवर मथळे बदलतात आणि शोधलेला शब्द सापडत नाही.

यासाठी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड द्यावा लागेल का?

नाही, आणि कोणी मागितला तर देऊ नका. मॉडेलचं नाव साध्या वापरकर्त्यालाही सिस फाइलप्रणालीतल्या डीएमआयच्या फोल्डरमध्ये वाचता येतं. सिरियल नंबर मात्र तिथे फक्त रूटला दिसतो. त्यासाठी वेगळं खातं काढा, एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीची) की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, लावा, पासवर्डने लॉगिन बंद ठेवा आणि सुडोअर्समध्ये (सुडो लावून कोणी कोणती कमांड रूटच्या अधिकाराने चालवायची ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) मोजक्या कमांडना परवानगी द्या.

मोजक्या म्हणजे स्विचसकट मोजक्या. नुसतं डीएमआयडीकोडचं नाव लिहून "पासवर्ड नको" केलंत तर दार उघडंच राहिलं. या साधनाला तक्ता फाइलमध्ये उतरवायचा एक स्विच आहे आणि ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये तो आधीपासून असलेल्या फाइलवरही बिनदिक्कत लिहायचा. सुडोने चालवलं म्हणजे ती फाइल रूटची असली तरी गेलीच. सीव्हीई या सुरक्षादोषांच्या नोंदवहीत २०२३-३०६३० या क्रमांकाखाली हा दोष नोंदलेला आहे. म्हणून कमांडचा पूर्ण पाथ (ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता) लिहा, त्यापुढे टी १, टी १७ असं जे हवं तेवढंच लिहा, आणि सुडोअर्सची फाइल व्हीआयसुडो या तिच्या खास एडिटरनेच उघडा. साध्या एडिटरमध्ये उघडून एक स्वल्पविराम चुकलात तर सुडोच बंद पडू शकतो, आणि मग महापेपर्यंतची रिक्षा तुमच्या खिशातून.

लूप लिहिला, पण पहिल्या सर्व्हरवरच संपतो. चूक दिसत नाही.

हा प्रश्न दर सहा महिन्यांनी नवीन माणूस विचारतो. सर्व्हरची नावं एका फाइलमध्ये, व्हाइल रीडने एकेक नाव घ्यायचं, एसएसएच करायचं. बघायला सगळं बरोबर. पहिल्या सर्व्हरचं उत्तर येतं आणि स्क्रिप्ट गुपचूप संपते. एररही नाही.

होतं असं, की लूप ज्या नळातून नावं घेतोय त्याच नळाला एसएसएच तोंड लावतं. पलीकडच्या कमांडला इनपुट लागेल या समजुतीने ते उरलेली सगळी यादी पिऊन टाकतं. लूप दुसरं नाव मागायला जातो तर नळ कोरडा. उपाय एका अक्षराचा: एसएसएचला एन स्विच द्या, म्हणजे ते इनपुटला हातच लावत नाही.

हाताशी आहोत तर आणखी दोन सेटिंग लगेच करून घ्या. बॅचमोड चालू, म्हणजे की चालली नाही तर पासवर्ड विचारत रात्रभर बसणार नाही. आणि कनेक्टटाइमआउट ५ किंवा १० सेकंद. होस्ट कीची (समोरच्या सर्व्हरच्या ओळखीच्या किल्लीची) तपासणी मात्र सरसकट बंद करू नका. ओपनएसएसएच ७.६ पासून "नवीन असेल तर स्वीकार, बदलली असेल तर थांब" असा मधला पर्याय मिळतो, तो घ्या.

काही सर्व्हर उत्तरच देत नाहीत. त्यांना यादीतून वगळायचं का?

वगळलंत तर सगळी मेहनत पाण्यात. शाळेचा हजेरीपट आठवा. बाई गैरहजर मुलाचं नाव खोडत नाहीत, त्याच्यापुढे गैरहजर लिहितात. ज्या यादीत फक्त हजर मुलं आहेत ती यादी बघून पन्नासपैकी सात आले नाहीत हे कोणाला कळणार?

आमच्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या यादीच्या फाइलमध्ये) म्हणून "स्थिती" नावाचा रकाना पहिला आहे, सिरियलच्याही आधी. त्यात काय भरायचं ते परतीच्या कोडवरून, म्हणजे कमांड संपताना देते त्या आकड्यावरून, ठरतं. एसएसएच स्वतःच अडलं तर २५५ परत येतो: मशीन बंद, नेटवर्क नाही, एसएसएच की नाकारली, होस्ट की बदलली, यांतलं काहीतरी. पूर्ण कमांड टाइमआउट या वेळ बांधणाऱ्या कमांडमध्ये गुंडाळली असेल आणि वेळ संपली तर १२४. पलीकडे साधनच नसेल तर १२७. सुडोला एन स्विच दिला असेल आणि परवानगी नसेल तर तो न विचारता १ देऊन परत येतो. चारही वेळा सिरियलचा रकाना रिकामाच, पण चारही वेळा करायचं काम वेगळं: एकदा फोन, एकदा वाट, एकदा इन्स्टॉल, एकदा सुडोअर्स. नुसता रिकामा रकाना बघून काय करायचं ते कळत नाही.

पहिल्यांदा हा रकाना लावून स्क्रिप्ट चालवली तेव्हा २५५ आलेल्या मशीनमध्ये एक असं निघालं जे कोणाच्याच आठवणीत नव्हतं. डेटा सेंटरच्या बिलात ते होतं, रॅकमध्येही होतं, दिवे चालू होते. त्याचा मालक कोण, हे शोधायला तीन आठवडे लागले.

१२७ येतोय, पण लॉगिन करून बघितलं तर डीएमआयडीकोड आहे. असं कसं?

पाथ. कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची ही यादी. तुम्ही लॉगिन करता तेव्हा एसबिन फोल्डर पाथमध्ये असतं. एसएसएचने थेट कमांड पाठवली किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून) चालवली की बऱ्याच मशीनवर ते नसतं. कमांडचा पूर्ण पाथ लिहा आणि विषय संपवा.

मशीन ओळखायचं कशावरून? आयपी, होस्टनेम की सिरियल?

सिरियल, आणि त्याच्या जोडीला यूयूआयडी, म्हणजे मशीनला दिलेला लांबलचक ओळखक्रमांक. आयपी म्हणजे भाड्याची खोली, आज हा, उद्या तो. होस्टनेमचं तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा: "बॅकअप-नवीन" नावाचा आमचा सर्व्हर ताफ्यातला सगळ्यात जुना आहे. मदरबोर्ड बदलला की काही वेळा सिरियलही कोरा येतो, कारण दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरने तो पुन्हा भरायचा असतो आणि घाईत राहून जातं. म्हणून बोर्ड बदलल्याच्या दिवशी स्क्रिप्ट लगेच चालवून बघा, इंजिनिअर गेटबाहेर पडायच्या आत.

४ टीबीची डिस्क घेतली, ३.६ दिसते. दुकानदाराने फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, लिनक्स १०२४ च्या पटीत. नोंद बाइटमध्ये ठेवा, भांडण मिटतं. रॅमचंही तसंच: ६४ जीबी लावून लिनक्सच्या मेमइन्फो फाइलमध्ये थोडी कमी दिसते, कारण फर्मवेअर आणि कर्नल आपला वाटा आधीच बाजूला काढतात. बसवलेली रॅम हवी असेल तर आकडा एसएमबायोसमधून घ्या.

सर्व्हरमध्ये आठ डिस्क आहेत, स्क्रिप्ट एकच दाखवते.

मध्ये रेड कंट्रोलर बसलाय. तो आठ डिस्कची मोट बांधून ऑपरेटिंग सिस्टिमला एकच मोठी डिस्क दाखवतो. एलएसबीएलकेमध्ये मॉडेलच्या जागी पर्क किंवा लॉजिकल व्हॉल्यूम असं काही दिसलं की समजा, हे डिस्कचं नाव नाही, पडद्याचं आहे.

पडद्यामागे डोकावायचे दोन रस्ते. एक, कंट्रोलरवाल्याचं स्वतःचं साधन: मेगारेडसाठी स्टोरसीएलआय, डेलच्या पर्कसाठी पर्कसीएलआय, एचपीच्या स्मार्ट ॲरेसाठी एसएसएसीएलआय. दुसरा, स्मार्टसीटीएल हे डिस्कची तब्येत विचारणारं साधन. त्याला डी स्विचमध्ये मेगारेड आणि डिस्कचा क्रमांक, किंवा एचपीसाठी सीसिस आणि क्रमांक द्यायचा. मेगारेडचे क्रमांक ० पासून सलग असतील असं धरू नका. आमच्याकडे ८ पासून सुरू होणारेही आहेत. आधी स्कॅन करून क्रमांक घ्या, मग एकेकाला विचारा. ७.० पासून स्मार्टसीटीएल जेसनमध्येही बोलतं, त्यामुळे ओळी कापत बसायची गरज उरलेली नाही.

आता यातली खरी मेख. स्मार्टसीटीएलचा परतीचा कोड साधा हो-नाही नसतो. त्यातला प्रत्येक बिट वेगळं काही सांगतो, आणि त्यांतला एक "डिस्क मरायला टेकली आहे" हे सांगणारा आहे. तुमच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट ई असेल, म्हणजे शून्य सोडून काहीही आलं की थांब, तर स्क्रिप्ट नेमकी आजारी डिस्कपाशी थांबणार आणि तिच्यापुढच्या डिस्क यादीत येणारच नाहीत. धडधाकट सर्व्हरची यादी पूर्ण आणि ज्याची काळजी घ्यायची त्याची अर्धवट. आम्हाला हे कळायला एक रविवार खर्ची पडला. तेवढ्या ओळीपुरता कोड हातात घ्या, जपून ठेवा, पुढे चला.

विंडोज सर्व्हरचं काय?

पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्टची भाषा) आणि सीआयएम (हार्डवेअरची माहिती विचारायची पद्धत). गेट-सीआयएमइन्स्टन्सला विन३२ बायोस विचारलं की सिरियल, विन३२ फिजिकलमेमरी विचारलं की पट्ट्या, तेही बाइटमध्ये. जुन्या स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूएमआयसी दिसेल. मायक्रोसॉफ्टने ते निवृत्तीच्या यादीत टाकलंय, नव्याने त्यात काही लिहू नका. गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्टही पॉवरशेल ६ पासून नाही.

दुरून बोलायला विनआरएम लागतं: साधा रस्ता पोर्ट ५९८५, एचटीटीपीएसचा ५९८६. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ते आपसूक चालू असतं. कारखान्यातल्या त्याआधीच्या मशीनवर हाताने चालू करावं लागतं, नाहीतर जुना डीसीओएमचा मार्ग, ज्याला १३५ आणि वर कुठलेही उंचावरचे पोर्ट लागतात. फायरवॉलवाला त्याला हो म्हणणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

इंटरनेटवरून उचललेल्या "संपूर्ण इन्व्हेंटरी" स्क्रिप्टमध्ये विन३२ प्रॉडक्ट दिसलं तर ती ओळ काढून टाका. ते नुसती यादी देत नाही, इन्स्टॉलरने टाकलेलं प्रत्येक पॅकेज तपासून बघतं आणि गरज वाटली तर दुरुस्तही करायला जातं. भर दुपारी टॅलीच्या सर्व्हरवर हा प्रयोग नको.

सर्व्हर बंद असेल तरी माहिती मिळते का?

वायर लावलेली असेल तर बहुतेक वेळा हो. सर्व्हरच्या आत बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. मुख्य मशीन झोपलं तरी तो जागा असतो, वाड्याच्या देवडीवरच्या रखवालदारासारखा. बीएमसीशी आयपीएमआय या मानकाने बोलतात; आयपीएमआयटूलला एफआरयू (बदलता येणाऱ्या भागांची नोंद) विचारलं की बोर्ड, चेसिस आणि बऱ्याचदा पॉवर सप्लायचेही सिरियल मिळतात. पॉवर सप्लायची माहिती एरवी ऑपरेटिंग सिस्टिममधून नीट मिळत नाही, त्यामुळे इथे हमखास घ्या.

नव्या मशीनवर आयपीएमआयपेक्षा रेडफिश वापरा. डीएमटीएफचंच मानक, २०१५ मध्ये आलेलं; एचटीटीपीएसवर विचारायचं, जेसनमध्ये उत्तर. कर्ल (वेबवर विचारणारी कमांड) आणि जेक्यू (जेसन वाचणारी) एवढ्यावर काम होतं.

आयपीएमआयबद्दल कडक बोलायला हवं. त्याच्या २.० आवृत्तीतली ओळखपरेड अशी आहे, की वापरकर्त्याचं नाव माहीत असलेल्या कोणालाही बीएमसी पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) आधीच हातात देतं. मग घरी बसून तो फोडत राहायचं. हा एखाद्या कंपनीचा दोष नाही, मानकातच तसं आहे. म्हणून यूडीपी ६२३ बाहेरच्या जगाला दिसता कामा नये, बीएमसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला.

सरळ अँसिबल का नाही वापरत?

वापरतो. अनेक सर्व्हरवर एकदम कमांड चालवणारं साधन ते. त्याचं सेटअप मॉड्यूल अर्ध्याहून जास्त गोष्टी आयत्या देतं, समोरच्या मशीनवर एजंट (मदतनीस प्रोग्राम) टाकावा लागत नाही, आणि कोण पोचलं, कोण अडलं ते वेगवेगळं सांगतं. पण रॅमच्या पट्ट्या स्लॉटवार ते देत नाही, रेडमागच्या डिस्कही नाहीत. ते तुकडे आपणच लिहायचे. शिवाय पलीकडे पायथॉन लागतं, आणि अँसिबल-कोअर २.१७ पासून समोरच्या मशीनवर पायथॉन २.७ आणि ३.६ चालत नाही, म्हणजे जुनी मंडळी बाहेर. त्यांच्यासाठी रॉ मॉड्यूल किंवा आपली साधी शेल स्क्रिप्ट. एका वेळी पाचच मशीनशी बोलतं हेही ठरीव असतं, फोर्क्स वाढवून घ्या.

पंचवीस मशीनपर्यंत मी शेल स्क्रिप्टच सुचवेन. जीएलपीआय किंवा नेटबॉक्ससारखं यादी ठेवणारं तयार सॉफ्टवेअर उभं करायचं असेल तर खुशाल करा, फक्त तो सर्व्हरही यादीत येऊ द्या. हे गमतीने नाही सांगत. आमचा राहिला होता.

व्हर्च्युअल मशीन मोजायची का?

वेगळ्या यादीत. त्यांचा "सिरियल" हायपरव्हायझरने (एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बनवलेला असतो. मेकच्या जागी व्हीएमवेअर किंवा क्यूईएमयू दिसलं की त्या ओळीवर एएमसी मागू नका.

चालू सर्व्हरवर याचा भार पडतो का?

एसएमबायोस वाचणं म्हणजे काहीच नाही. रेडची साधनं कंट्रोलरला थोडं थांबवू शकतात आणि स्मार्टसीटीएल झोपलेल्या डिस्कला उठवू शकतं. त्यासाठी त्याला "झोपली असेल तर राहू दे" असा स्विच आहे. आम्ही दुपारी जेवणाच्या सुट्टीत चालवतो. मध्यरात्री बॅकअप असतात आणि काही बिघडलं तर फोन उचलायलाही कोणी नसतं.

मशीन ग्राहकाचं आहे. परवानगी लागते का?

लागते, आणि लेखी. "आम्ही कोणत्या कमांड चालवणार, कोणत्या खात्याने, किती वाजता" एवढी एका पानाची मेल. एका ठिकाणी तोंडी हो घेऊन चालवलं, त्यांच्या सुरक्षा टीमला एकाच पत्त्यावरून चाळीस लॉगिन दिसले, आणि दुपारी चारपर्यंत आमचं खातं बंद. चूक आमचीच होती. रस्ता त्यांच्या जंप होस्टमधूनच (आत शिरायच्या मधल्या सर्व्हरमधूनच) घ्या. एसएसएचचं प्रॉक्सीजंप वापरलं तर तुमची एसएसएच की तुमच्याच मशीनवर राहते. एजंट फॉरवर्डिंगची (आपली की मधल्या सर्व्हरवरूनही वापरू द्यायची) सवय असेल तर मोडा.

यादी तयार झाली की तीही जपा. कोणाकडे कोणतं मशीन, कोणत्या बायोस आवृत्तीवर, कोणत्या आयपीला, हे सगळं एका फाइलमध्ये म्हणजे चोराला घराचा नकाशा. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

सीए विचारतात, मशीनची किंमत आणि वय पण स्क्रिप्टने द्या. जमेल?

नाही. मशीनला आपली खरेदीची तारीख ठाऊक नसते. बायोसची तारीख म्हणजे खरेदीची तारीख नव्हे, ही चूक फार जण करतात. बिलाच्या फाइलमधून सिरियलवरून जोडणी करावी लागते, म्हणून तर सिरियलचा एवढा आग्रह. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोनमध्ये सर्व्हर आणि नेटवर्कचं उपयुक्त आयुष्य ६ वर्षं आणि डेस्कटॉप-लॅपटॉपसारख्या वापरकर्त्याच्या उपकरणांचं ३ वर्षं धरलंय, त्यामुळे "हे मशीन सर्व्हर की डेस्कटॉप" हा रकाना लेखा विभागासाठी जरूर ठेवा. कपाटाखाली डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून चालत असेल तर निर्णय त्यांचा.

मशीन निकालात काढताना डिस्कचे सिरियल पुन्हा ताडून बघा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवं, गल्लीतल्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर नाही.

किती दिवसांनी चालवावी?

आठवड्याला एकदा पुरे. चालवण्यापेक्षा बघणं अवघड. पहिलं वर्षभर आमचं क्रॉन दर रविवारी चोख चालत होतं आणि फाइल कोणी उघडत नव्हतं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. आता फाइल गिटमध्ये (फाइलमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात) जाते आणि मागच्या आठवड्याशी फरक पडला तरच मेल येते. फरक म्हणजे एखादी पट्टी गायब, नवी डिस्क, "पोचलो" वरून "पोचलो नाही". बहुतेक सोमवारी मेल येतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा, फरक नसतानाही, "चालली, इतक्या मशीनपर्यंत पोचली" अशी एक ओळ येऊ द्या, नाहीतर स्क्रिप्ट मेली तरी तुम्ही खूशच असाल.

एवढं केल्यावर जागेवर जाऊन बघायची गरज उरते का?

वर्षातून एकदा जा. रॅकमधली जागा, वरचं स्टिकर, वायर कुठून कुठे गेलीये, काढून नुसती ठेवलेली डिस्क, हे कुठल्याच स्क्रिप्टला दिसत नाही. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, पुढे रिक्षा. जाकीट विसरू नका, आत थंडी असते.

कोणतं मशीन कोणतं हे ओळखायला आयपीएमआयटूलमध्ये चेसिस आयडेंटिफाय ही कमांड आहे. ती दिली की त्या सर्व्हरचा ओळखीचा दिवा, बहुतेकांचा निळा, लुकलुकतो. पहिल्यांदा मी ठाण्यातून ती दिली आणि महाप्यातल्या रात्रपाळीच्या मुलाला फोनवर म्हटलं, "निळा दिवा दिसतोय तो." तो रॅकपर्यंत चालत जाईपर्यंत दिवा बंद. "साहेब, इथे सगळे हिरवेच आहेत." तीनदा हेच झालं. ठरीव मुदत १५ सेकंदांची आहे हे मॅन्युअल उघडल्यावर कळलं. कमांडपुढे सेकंदांचा आकडा लिहा, २४० लिहा, आणि तो रॅकसमोर उभा राहिल्यावरच एंटर दाबा.